टेक पास कसं व्हायचं: फॉर्म्युला स्टुडंट गाडीच्या तांत्रिक तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी फॉर्म्युला भारत असो, सुप्रा असो की परदेशातली एखादी फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांची) स्पर्धा असो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीमला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो तांत्रिक तपासणीत, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘टेक’मध्ये. पुण्या-मुंबईच्या टीम असोत की नागपूर-कोल्हापूरच्या, विचारले जाणारे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आकडे मुख्यतः पेट्रोल गाडीचे आणि जर्मनीच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या पठडीतल्या नियमांचे आहेत. स्पर्धा बदलली की काही आकडे बदलतात, म्हणून तुमच्या वर्षाचं रूलबुक शेजारी उघडं ठेवूनच वाचा.

टेकमध्ये काय काय असतं आणि कोणत्या क्रमानं?

आधी ड्रायव्हरचं सामान: हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट, आर्म रिस्ट्रेंट (हात गाडीबाहेर जाऊ नयेत म्हणून बांधायचे पट्टे). मग मेकॅनिकल तपासणी, म्हणजे चेसिस, सीट, सीटबेल्टचे पट्टे, स्टीअरिंग, ब्रेक, नट-बोल्ट, इंधन, वायरिंग. त्यानंतर टिल्ट टेबल, वजन, आवाजाची चाचणी आणि सगळ्यात शेवटी ब्रेक टेस्ट. इलेक्ट्रिक गाडीला मेकॅनिकलच्या आधी बॅटरी कंटेनरची आणि इलेक्ट्रिकल तपासणी असते, आणि आवाजाच्या जागी पावसाची चाचणी. प्रत्येक टप्पा पार केला की एक स्टिकर मिळतो. सगळे स्टिकर नाकावर लागल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही.

आमची गाडी कॉलेजच्या ग्राउंडवर छान पळते. मग अडचण काय येणार?

वेळेची. टेकसाठी साधारण दोन दिवस मिळतात आणि रांग मोठी असते. पहिल्या फेरीत बारा-पंधरा त्रुटी निघाल्या की गाडी पिटमध्ये परत, दुरुस्ती, पुन्हा रांग. दुसऱ्या फेरीत चार निघतात, तिसऱ्यात एक. तोपर्यंत अॅक्सलरेशन आणि स्किडपॅड या ट्रॅकवरच्या चाचण्या उरकलेल्या असतात. ज्या टीमची गाडी एकही मीटर न पळता परत ट्रकमध्ये चढते, तिच्या चेसिसमध्ये क्वचितच मोठा दोष असतो. आखूड बोल्ट, ढिला कॅच कॅन (सांडणारा द्रव झेलणारा डबा), चुकीच्या जागचा ब्रेक लाइट, कापलेली झिप टाय अशा पाच-दहा रुपयांच्या गोष्टींनी तिचे दोन दिवस खाल्लेले असतात.

म्हणून घरून निघण्याच्या तीन आठवडे आधी संपूर्ण टेक कॉलेजमध्येच घ्या, आणि ज्यांनी ती गाडी बांधली नाही अशांच्या हातून. जुन्या बॅचचे सिनिअर बोलवा किंवा शेजारच्या कॉलेजची टीम बोलवा. त्यांच्या हातात स्पर्धेची छापील तपासणी-यादी, टेप, व्हर्निअर आणि टॉर्च द्या. ज्यानं ब्रॅकेट वेल्ड केलं त्याला त्यातली चूक दिसत नाही.

चेसिसमध्ये काय मोजतात?

एसईएस, म्हणजे चेसिसची गणितं मांडलेली जी शीट तुम्ही आधी मंजूर करून घेतली, त्यात लिहिलेलंच गाडीवर आहे का, हे आधी बघतात. शीटमध्ये एक पाइप आणि गाडीवर दुसरा, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मेन हूप आणि फ्रंट हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची आणि पुढची संरक्षक कमान, यांना सर्रास २५.४ मि.मी. व्यासाचा, २.४ मि.मी. जाडीचा पाइप वापरतात. दोन्ही हूपवर फारसा ताण न येणाऱ्या जागी ४ मि.मी.चं भोक ठेवावं लागतं. त्यातून जाडी मोजता येते. हे भोक टेकच्या रांगेत उभं राहून पाडायला लागू नये. पाडल्यावर आतली बर (धातूची उरलेली धार) काढा, नाहीतर माप चुकतं.

पाइप विकत घेतानाच व्हर्निअर घेऊन जा. दोन्ही टोकांना, चार-चार जागी जाडी मोजा आणि मटेरिअलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पाइप वाकवताना बाहेरच्या बाजूची भिंत थोडी पातळ होते, आणि वेल्ड घासून चकचकीत केला तर तीच भिंत अजून खाल्ली जाते. वेल्ड दिसायला ओबडधोबड असला तरी त्याला ग्राइंडर लावू नका.

मेन हूपचे मागचे आधार सरळच हवेत, वाकवलेले चालत नाहीत. ते हूपच्या माथ्यापासून १६० मि.मी.च्या आत जोडलेले हवेत आणि हूपशी त्यांचा कोन किमान ३० अंशांचा हवा. मागच्या बॅचचं चेसिस जसंच्या तसं कॉपी करणाऱ्या टीमनी साइड इम्पॅक्टचा (बाजूच्या धडकेपासून वाचवणारा) वरचा पाइप नक्की बघावा. जुन्या नियमांत तो जमिनीपासून ३०० ते ३५० मि.मी. उंचीवर लागायचा. जर्मनीच्या नियमांत तो आता दोन हूपमधल्या चेसिसच्या सर्वांत खालच्या आतल्या बिंदूपासून २४० ते ३२० मि.मी. असा मोजतात. मापाची सुरुवातच बदलल्यामुळे जुनं ड्रॉइंग उपयोगाचं नाही.

पर्सी म्हणजे काय? आमचा ड्रायव्हर तर बारीक आहे.

ड्रायव्हर बारीक असला तरी पर्सी बसलाच पाहिजे. धिप्पाड पुरुषाच्या मापाचा हा सपाट पुतळा: कंबरेला २०० मि.मी.चं वर्तुळ, खांद्याला २०० मि.मी.चं, डोक्याला ३०० मि.मी.चं. कंबर ते खांदा ४९० मि.मी., खांदा ते डोकं २८० मि.मी., आणि कंबर ते पेडल किमान ९१५ मि.मी. पेडल सगळ्यात पुढे सरकवून तो बसवतात. मग मेन हूपच्या माथ्यापासून फ्रंट हूपच्या माथ्यापर्यंत सरळ पट्टी धरतात. पट्टी आणि डोक्याचं वर्तुळ यांत ५० मि.मी. अंतर हवं. तेवढंच अंतर तुमच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हेल्मेटलाही लागतं.

प्लायवूडचा पर्सी आणि कॉकपिटची मोकळी जागा तपासायचे दोन्ही टेम्पलेट (साचे) स्वतः कापून घ्या, एका दुपारचं काम आहे. सीटखाली नंतर घातलेला फोम आणि वायरिंगचा उंच झालेला गठ्ठा यांमुळे पर्सी दहा-बारा मि.मी. वर येतो आणि तिथेच अडकतो. पायाकडचा टेम्पलेट पेडलच्या १०० मि.मी. अलीकडेपर्यंत आरपार गेला पाहिजे. त्याला बहुतेक वेळा स्टीअरिंग कॉलमचं ब्रॅकेट आडवं येतं.

स्टीअरिंगमध्ये कुठे पकडतात?

स्टीअरिंगचं चाक कोणत्याही कोनात फ्रंट हूपच्या माथ्याच्या वर जाता कामा नये. अंडाकृती चाक सरळ असताना खाली दिसतं, ९० अंश फिरवलं की वर डोकावतं. फ्रंट हूप आणि चाक यांतलं अंतर २५० मि.मी.पेक्षा जास्त नको. मोकळा खेळ चाकावर मोजला तर ७ अंशांपेक्षा कमी हवा. युनिव्हर्सल जॉइंट, क्विक रिलीज आणि रॅकचं बुश मिळून तो सहज दहावर जातो. क्विक रिलीजची स्प्लाइन झिजलेली असेल तर दुसरी बसवा, शिम लावून भागवू नका.

नट-बोल्टवर एवढा भर का?

सस्पेन्शन, ब्रेक, स्टीअरिंग आणि पट्टे यांतला कुठलाही एक बोल्ट सुटला तर ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही, म्हणून. तपासनीस टॉर्च घेऊन एकेक बोल्ट बघतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा ग्रेड, यांत्रिक रीतीनं लॉक होणारा नट, आणि नटाबाहेर निघालेले किमान दोन पूर्ण आटे.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. एक विशबोनचा, म्हणजे सस्पेन्शनच्या हाताचा, जोड घेऊ. दोन ३ मि.मी.च्या धातूच्या पट्ट्यांमध्ये एम ८ चा रॉड एंड, त्याच्या बॉलची रुंदी १२ मि.मी., दोन्ही बाजूंना २ मि.मी.चे स्पेसर. झाले २२ मि.मी. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली १.६ मि.मी.चा एकेक वॉशर धरला तर २५.२. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट ८ मि.मी. उंच, म्हणजे ३३.२. एम ८ चा पिच १.२५ मि.मी., दोन आट्यांचे २.५. एकूण ३५.७. दुकानात ३५ चा बोल्ट मिळतो आणि हातानं लावून बघितला तर तो ‘पुरला’ असं वाटतं, कारण नटाच्या निळ्या नायलॉनच्या कडेला बोल्टचं टोक टेकलेलं असतं. तपासनीस त्यावर नख फिरवतो आणि सही करत नाही. इथे ४० चाच हवा. असा हिशोब प्रत्येक जोडाचा करून, बोल्टची यादी एक्सेलमध्ये मांडून मगच खरेदीला जा. अर्धा आटा असलेला बोल्ट घ्या, म्हणजे पट्टीच्या जागी गुळगुळीत दांडा येतो आणि कातर आट्यावर पडत नाही.

नायलॉक नट दोन-तीनदा खोलला की त्यातलं नायलॉन सैल पडतं. बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर तो फेकून द्या. स्पर्धेच्या आधी शेवटची जोडणी करताना सगळे नवे लावा, टॉर्क रेंचनं आवळा आणि नटापासून पट्टीपर्यंत पेंट मार्करची एक रेघ ओढा. पुण्याहून कोइम्बतूर ट्रकनं सुमारे १२०० कि.मी. आहे, तेवढ्या धक्क्यांनंतर रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे क्षणात कळतं.

एक्झॉस्टजवळ, म्हणजे जिथे तापमान ८० अंशांच्या वर जातं तिथे, नायलॉक चालत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट लावा. रॉड एंड एकाच बाजूनं धरलेला असेल तर बाहेरून मोठा वॉशर हवा, बॉलचा सांगाडा फुटला तरी हात सुटून येऊ नये एवढा. टाय रॉडच्या जॅम नटांवर हात फिरवून बघा. एक तरी ढिला निघतोच.

लॉकटाइट लावलंय, स्प्रिंग वॉशरही आहे. चालेल?

नाही. दोन्ही यांत्रिक लॉक मानले जात नाहीत. वापरायला हरकत नाही, पण त्यांच्या जोडीला मान्य असलेलं लॉक हवंच.

कॅलिपरचे बोल्ट आंधळ्या भोकात जातात, नट लावता येत नाही. मग?

बोल्टच्या डोक्याला भोक पाडून सेफ्टी वायर. ०.८ मि.मी.ची स्टेनलेस तार, दोन बोल्ट एकमेकांना बांधायचे, आणि ताण आवळण्याच्या दिशेनं. तार उलट्या बाजूनं गेली असेल तर ती बोल्ट सोडवायला मदत करते, आणि नवख्या टीमची हीच चूक होते. बोल्टच्या डोक्यात १.२ मि.मी.चं ड्रिल मोडतं आणि तासभर जातो, म्हणून ते काम लेथ असलेल्या वर्कशॉपमध्ये आधीच करून घ्या.

ब्रेक ओव्हरट्रॅव्हल स्विचवर सगळे का अडकतात?

ब्रेकचा एक हायड्रॉलिक सर्किट गेला की पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. तेव्हा त्यानं मागच्या स्विचला दाबून शटडाउन सर्किट तोडायचं असतं, म्हणजे इग्निशन आणि इंधन पंप दोन्ही बंद. स्विच दोन स्थितींचा हवा: एकदा दाबला की तसाच राहणारा. ड्रायव्हरला बसल्या जागेवरून तो परत सुरू करता येऊ नये, आणि पेडलचा दुसरा दाब पडला तरी सर्किट पुन्हा जुळता कामा नये. डोअरबेलसारखं बटण लावून ‘ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लक्षात ठेवेल’ म्हणणारी टीम नापास होते. तोडणं तारेनंच झालं पाहिजे.

जागा ठरवताना आधी ब्रेक नीट ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा. दोन्ही पायांनी पूर्ण जोर लावून पेडल दाबून धरा आणि स्विच त्याच्या ५ ते ८ मि.मी. पुढे बसवा. मग एका सर्किटचा ब्लीड निपल उघडून, खाली बाटली धरून पेडल दाबा. स्विच लागला पाहिजे. निपल बदलून दुसऱ्या सर्किटचंही तेच करा. बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये बळ वाटणारा दांडा) एका बाजूला जास्त झुकलेला असेल तर एका सर्किटला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. ज्या टीम दोन्ही बाजूंनी बघत नाहीत त्यांना हे टेकमध्ये कळतं.

पेडलचं ब्रॅकेट २००० न्यूटनचा जोर सहन करेल असं हवं. सीटमध्ये बसून कुणीही तपासनीस सगळी ताकद लावून पेडल दाबू शकतो, तेव्हा ब्रॅकेट वाकलेलं दिसता कामा नये.

ब्रेक टेस्टमध्ये मागची चाकं लॉकच होत नाहीत.

चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. मागची सुटतात ती वजन पुढे सरकल्यामुळे नव्हे; मागचं वजन कमी झालं की ती उलट लवकर लॉक व्हायला हवीत. ती सुटतात कारण बायस (ब्रेकच्या बळाची पुढे-मागे वाटणी) फार पुढे ठेवलेला असतो किंवा इंजिन त्यांना फिरवत राहतं.

एक हिशोब करा. ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो, व्हीलबेस १५५० मि.मी., गुरुत्वमध्य ३०० मि.मी. उंचीवर, उभ्या गाडीत पुढे-मागे ४५-५५ वाटणी. १.४ जी नं ब्रेक लावला तर सुमारे ८१ किलो पुढे सरकतात. पुढच्या चाकांवर २१६ आणि मागच्या चाकांवर ८४. म्हणजे ब्रेकचं बळ साधारण ७२ टक्के पुढे आणि २८ टक्के मागे हवं. कारी ट्रॅकवर पकड कमी मिळाली तर सरकणारं वजनही कमी होतं आणि मागच्या वाट्याला जास्त बळ लागतं. म्हणून धुळीच्या दिवशी बायस थोडा मागे घ्या. टेस्टपुरता जास्तच मागे घेतला तर गाडी गर्रकन फिरते आणि तीही नापास, तेव्हा बॅलन्स बार अर्ध्या-अर्ध्या फेरीनं फिरवा आणि किती फिरवला ते लिहून ठेवा.

ड्रायव्हरला एक गोष्ट पाठ हवी: ब्रेकबरोबरच क्लच. क्लच न दाबल्यास इंजिनचं जडत्व मागच्या चाकांना ओढतं. पाय पेडलवर जोरात मारायचा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सोडायचा नाही. नवे पॅड रुळलेले नसतील तर बळच येत नाही, त्यामुळे घरी दहा-बारा जोरदार थांबे घेऊन ते डिस्कवर रुळवून घ्या. डिस्कला लागलेला ग्रीसचा हात ब्रेक क्लीनरनं पुसा. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे. डॉट ४ ची नवी बाटली उघडा आणि आधी मास्टर सिलिंडर, मग लांबचं चाक या क्रमानं ब्लीड करा.

टिल्ट टेबलवर गाडी उलटेल अशी भीती वाटते.

टेबल ६० अंशांपर्यंत कलवतात, सगळ्यात उंच ड्रायव्हर आत बसवून. हे १.७ जी च्या वळणाइतकं आहे. चारही चाकं टेबलाला टेकलेली राहिली पाहिजेत आणि एक थेंबही गळता कामा नये. उलटण्याचा अंदाज आधी काढता येतो: ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, भागिले दोन, भागिले १.७३. ट्रॅक १२०० मि.मी. असेल तर गुरुत्वमध्य ३४६ मि.मी.च्या खाली हवा. ट्रॅक ११०० असेल तर ३१७ च्या खाली. बहुतेक गाड्या यात बसतात.

गळतीवर मात्र पुष्कळ टीम पडतात. पेट्रोलच्या टाकीचा व्हेंट, ब्रेक फ्लुइडच्या डब्याचं झाकण, इंजिनचा ब्रीदर, रेडिएटरची टोपी. व्हेंटला वन-वे व्हॉल्व्ह हवा आणि नळीचं टोक बॉडीबाहेर. व्हॉल्व्ह उलटा बसवला तर टाकीत पोकळी तयार होऊन इंजिन गुदमरतं. तोंडानं फुंकून दिशा बघा, पण पेट्रोल भरण्याआधी. घरी टाकी भरा, एका बाजूची चाकं दोर लावून पाच-सहा जणांनी उचला, खाली वर्तमानपत्र पसरा आणि दहा मिनिटं थांबा. मग दुसरी बाजू. पेट्रोलचा डाग कागदावर लगेच उठतो.

आवाजाची चाचणी कशी घेतात? आमच्या ॲपवर तर ९८ दाखवतं.

फोनवरची ॲप बहुधा ए-वेटिंगनं मोजतात, ज्यात जाड आवाज कापला जातो. इथे सी-वेटिंग आहे, त्यामुळे सिंगल सिलिंडरची धडधड पूर्ण मोजली जाते आणि आकडा चांगलाच वर जातो. माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत आणि त्याच उंचीवर धरतात. आयडलला मर्यादा १०३ डेसिबल, बाकी वेगांना ११०.

कोणत्या आरपीएमपर्यंत मोजतात ते पिस्टनच्या सरासरी वेगावरून ठरतं: सेकंदाला १५.२५ मीटर. १५.२५ ला ३० नं गुणा आणि स्ट्रोकनं, मीटरमध्ये, भागा. आलेला आकडा जवळच्या ५०० ला आणा. जुन्या, ३७३ सीसीच्या केटीएम ३९० चा स्ट्रोक ६० मि.मी., उत्तर ७६२५, म्हणजे ७५००. रॉयल एनफिल्ड ५०० चा ९० मि.मी., म्हणजे ५०००. सीबीआर ६०० आरआर चा ४२.५ मि.मी., म्हणजे ११०००.

आवाज जास्त निघाला तर आधी गळती शोधा. हेडरच्या जोडाजवळ हात धरल्यावर फुसफुस जाणवली की सगळं सायलेन्सिंग वाया. मग सायलेन्सर उघडून काचेच्या लोकरीचं भरण बघा. जळून उडून गेलेलं असतं. भरणाचं एक जादा पाकीट, रिव्हेट आणि रिव्हेट गन सोबत ठेवा.

रिस्ट्रिक्टर थ्रीडी प्रिंट केलाय, २० मि.मी. चाच. तरी नाकारला.

रिस्ट्रिक्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा रोखणारी अरुंद वाट; पेट्रोलला तिची २० मि.मी. ही वरची मर्यादा आहे. प्रिंट केलेलं नायलॉन दमट हवेत फुगतं, घासल्यावर वाढतं, आणि तपासनिसाचा गेज २०.० च्या पुढे गेला की काम संपलं. १९.८ ला ठेवा, ताकदीत फरक जाणवणार नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात क्रम थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. तपासताना वाट बंद करतात आणि इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर कुठून तरी चोरून हवा येते आहे. इंजेक्टरची ओ-रिंग आणि मॅनिफोल्डचा रबरी जोड, आधी या दोन जागा बघा.

कूलंट कोणता घालायचा?

साधं पाणी. ग्लायकॉल किंवा कुठलाही मिश्रणाचा द्राव नाही, कारण तो ट्रॅकवर सांडला की मागच्या गाडीची चाकं घसरतात. कॉलेजमध्ये हिरवा कूलंट घातला असेल तर दोन-तीनदा पाणी भरून काढून टाका. कॅच कॅनमध्ये हिरवट छटा दिसली तरी अडवतात. कॅच कॅन ०.९ लिटरचा किंवा एकूण द्रवाच्या १० टक्क्यांचा, यांपैकी जो मोठा. उकळतं पाणी पडल्यावर मऊ होणारी पाण्याची बाटली झिप टायनं बांधलेली चालत नाही.

पाच सेकंदांत बाहेर येणं जमत नाही.

पट्टे बांधलेले, हेल्मेट, हातमोजे, आर्म रिस्ट्रेंट, हात स्टीअरिंगवर. तिथून दोन्ही पाय जमिनीवर, पाच सेकंदांत, प्रत्येक ड्रायव्हरला. ज्यांचे सात-आठ सेकंद होतात त्यांच्यात बहुधा आर्म रिस्ट्रेंट चुकीच्या जागी अडकवलेला असतो. त्याची कडी कंबरपट्ट्याच्या जिभेत ओवा, म्हणजे बकल फिरवलं की सगळं एकदम सुटतं. क्रम एकच ठेवा: स्टीअरिंग काढून बाहेर टाका, बकल, दोन्ही हात बाजूच्या पाइपवर, आणि उठा. पूर्ण सामान घालून रोज दहा वेळा सराव केला तर आठवड्यात चारवर येतं.

पट्ट्यांवरची तारीख आजच वाचा. एसएफआय प्रमाणित पट्टे बनवल्याच्या वर्षानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाद होतात. फॉर्म्युला भारत जानेवारीत असते, म्हणून डिसेंबरपर्यंत चालणारे पट्टे महिन्याभरानं नापास होतात आणि कोइम्बतूरमध्ये ऐन वेळी दुसरे मिळत नाहीत. खांद्याचे पट्टे खांद्यापासून १० अंश वर ते २० अंश खाली या मर्यादेतच मागे गेले पाहिजेत. डोक्यामागची गादी किमान ४० मि.मी. जाड आणि हेल्मेटपासून २५ मि.मी.च्या आत, बुटका आणि उंच असे दोन ड्रायव्हर असतील तर दोघांनाही बसवून मोजा.

इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय?

खूप काही, पण सगळ्यात आधी कागद. प्रत्येक सेल, फ्यूज, रिले आणि वायरची डेटाशीट छापून, खुणा करून ठेवा. वायरचं तापमान आणि व्होल्टेज रेटिंग तिच्यावर छापलेलं दिसलं पाहिजे. सिस्टिम बंद केल्यावर व्होल्टेज पाच सेकंदांत ६० च्या खाली आलं पाहिजे. एचव्हीडी (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) कुणाही अनोळखी माणसाला, अवजाराशिवाय, दहा सेकंदांत काढता आला पाहिजे. पावसाच्या चाचणीत १२० सेकंद पाणी मारतात आणि नंतर १२० सेकंद थांबतात. त्यात आयएमडी (इन्सुलेशनवर लक्ष ठेवणारं उपकरण) ट्रिप झाला की नापास. पाणी बहुधा मोटरच्या कनेक्टरमधून किंवा केबल ग्लँडच्या सैल बसलेल्या सीलमधून शिरतं. केबल ग्लँडमध्ये उतरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतात.

तपासनिसाचं म्हणणं पटलं नाही तर?

‘सर, कोणत्या नियमाखाली?’ असं शांतपणे विचारा, नियम क्रमांक लिहून घ्या आणि रूलबुकचं ते पान काढा. एका वेळी एकानंच बोलायचं, कॅप्टननं किंवा त्या भागाच्या प्रमुखानं. पाच जण एकदम बोलू लागले की वेळ जातो आणि मुद्दाही हरवतो. नियमाचा अर्थ संदिग्ध वाटत असेल तर आयोजकांना महिनाभर आधी लेखी विचारा आणि आलेलं उत्तर छापून गाडीसोबत ठेवा.

पिटमध्ये काय हाताशी हवं?

एम ५ ते एम १० चे ८.८ चे बोल्ट, प्रत्येक लांबीचे दहा, आणि नवे नायलॉक. पूर्ण धातूचे लॉक नट. सेफ्टी वायर आणि तिची पक्कड. डॉट ४, ब्लीडिंगची नळी, ब्रेक क्लीनर. हँड ड्रिल, बिट्स, रिव्हेट. १५ चौ. सें.मी. प्रकाशमान पृष्ठभागाचा जादा ब्रेक लाइट; भर उन्हात न दिसणारा दिवा ही नेहमीची त्रुटी आहे. शटडाउनची जादा लाल बटणं: बाजूंची किमान ४० मि.मी., कॉकपिटमधलं किमान २४. निळ्या त्रिकोणातल्या लाल विजेचे स्टिकर. नारिंगी स्प्रे, कारण जॅक लावायची मागची नळी नारिंगी नसेल तर तेवढ्यासाठी परत पाठवतात. आणि छापील रूलबुक. तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही.

सगळे स्टिकर मिळाले. आता काही बदललं तर?

पट्ट्यांची लांबी, ब्रेक बायस, टायरमधली हवा, आरसे, पंखांचा कोन असे ठरावीक बदल चालतात. पाइप, ब्रॅकेट, वायरिंग यांना हात लावला, किंवा गाडी कोनवरून जाऊन काही वाकलं, तर स्वतःहून तपासनिसांना सांगा. न सांगता केलेला बदल सापडला तर स्टिकर काढून घेतात. एन्ड्युरन्सच्या (लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या) आदल्या रात्री काहीतरी ‘सुधारायचा’ मोह टीममध्ये हमखास होतो. त्या रात्री फक्त मार्करच्या रेघा बघायच्या, ब्रेक फ्लुइडची पातळी बघायची आणि झोपायचं.

कॉलेज संपल्यावर ऑटोक्रॉसला स्वतःची कार उतरवायची आहे. तिथेही असंच असतं का?

तिथे एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे नियम आणि परवाना लागतो, आणि तपासणीला बहुतेक जण ‘स्क्रूटिनी’ म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत पर्सी नसतो. पण बॅटरी क्लॅम्पनं घट्ट आहे का, थ्रॉटल स्वतःहून परत येतो का, ब्रेक लाइट लागतात का, चाकाचे सगळे नट आहेत का, पुढे-मागे टो हुक आहेत का, डिकीतली स्टेपनी आणि जॅक काढले का, सीटखाली पाण्याची बाटली तर घरंगळत नाही ना, हे बघतात. बॅटरी हातानं हलवून बघायला घरी दहा सेकंद लागतात.